ओठ उलतात तेव्हा काय लावावं, काय थांबवावं

दिवाळी सरते, पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटू लागतं आणि ओठांच्या तक्रारी सुरू होतात. दिवसभर लिप बाम लावूनही ओठ का फुटतात? बामची सवय लागली तर ती सोडवायची कशी? मुलाच्या ओठांभोवती लालसर-काळपट कडं आलंय, ते कशाचं? आईच्या तोंडाचे कोपरे महिना झाला तरी भरून येत नाहीत, तिला जीवनसत्त्वाच्या गोळ्या द्याव्यात का? प्रश्न वेगवेगळे असले तरी त्यामागची समजूत बहुधा एकच असते. ओठ कोरडे पडले म्हणजे काहीतरी जास्त चांगलं, जास्त महागाचं लावायला हवं, असं आपण धरून चालतो. फुटलेल्या बऱ्याच ओठांची गरज मात्र फार साधी असते. त्यांना डिवचणारी गोष्ट आधी थांबवायची आणि मग वास, रंग, चव नसलेलं एखादं स्निग्ध आवरण नेमाने लावायचं. हे दोन आठवडे नीट केलं तर बहुतेकांचे ओठ बरे होतात. ज्यांचे होत नाहीत त्यांनी काय करायचं, तेही पुढे सविस्तर दिलं आहे.

ओठ इतक्या लवकर का फुटतात

गालावरच्या किंवा हातावरच्या त्वचेपेक्षा ओठांची त्वचा खूप पातळ असते. तिथे घामाच्या ग्रंथी नसतात आणि त्वचेला तेलकट ठेवणाऱ्या ग्रंथीही जवळजवळ नसतातच. त्यामुळे आतलं पाणी उडून जायला फारसा अडथळा उरत नाही. निफाडची कोरडी थंडी, चंद्रपूरचा उन्हाळा आणि मुंबईतलं दिवसभर एसी चालू असलेलं ऑफिस या तिन्ही ठिकाणी हवा कोरडीच असते. म्हणून बाहेर दमट असूनही कोकणातल्या किंवा मुंबईतल्या माणसाचे ओठ उलू शकतात. शिकायला किंवा नोकरीसाठी कॅनडा-जर्मनीत गेलेल्या मुलांचा पहिला हिवाळा याच कारणाने त्रासाचा जातो. बाहेर गोठवणारी थंडी आणि घरात हीटरची कोरडी ऊब, असा दुहेरी मारा ओठांवर होतो.

'पाणी कमी पितोस म्हणून ओठ फुटतात' हे आपण नेहमी ऐकतो. उन्हातान्हात, तापात किंवा जुलाबात शरीरातलं पाणी कमी झालं तर ओठ सुकतात, हे खरंच आहे. पण पुरेसं पाणी पिणाऱ्याने आणखी चार तांबे प्यायले म्हणून ओठांच्या चिरा भरत नाहीत. पाणी बाहेरच्या बाजूने उडतंय आणि ते तिथेच रोखावं लागतं.

आधी थांबवायच्या गोष्टी

ओठांवरून जीभ फिरवणं. फुटलेल्या ओठांमागचं हे सर्वांत मोठं आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. ओठ कोरडे वाटले की आपण नकळत जीभ फिरवतो आणि क्षणभर बरं वाटतं. मग थुंकी वाळते, वाळताना ओठांचा ओलावाही घेऊन जाते आणि ओठ पुन्हा कोरडे वाटू लागतात. थुंकीत अन्न पचवणारी द्रव्यंही असतात, ती आधीच सोललेल्या त्वचेला झोंबतात. तुम्ही दिवसातून किती वेळा असं करता, ते घरच्यांना विचारा. स्वतःच्या ते लक्षात येत नाही. खिशात किंवा पर्समध्ये साधी पेट्रोलियम जेली ठेवा आणि जीभ पुढे येईल तेव्हा ती लावा. आवरणामुळे ओठ कोरडे वाटत नाहीत, मग जीभही पुढे येत नाही.

पापुद्रे सोलणं, दातांनी ओठ चावणं. निघालेलं साल ओढलं की त्यासोबत न निघालेली, कोवळी त्वचाही फाटते आणि रक्त येतं. टोचणारं साल फारच त्रास देत असेल तर जेली लावून मऊ होऊ द्या आणि स्वच्छ लहान कात्रीने फक्त सुटलेला भाग कापा. साखर, कॉफी किंवा टूथब्रश घासून ओठ 'साफ' करण्याचे व्हिडिओ भरपूर फिरतात. फुटलेल्या ओठांवर ते करू नका. ती जखम घासण्यासारखी गोष्ट आहे.

टूथपेस्ट. इकडे लक्ष क्वचितच जातं. फार फेस येणाऱ्या आणि दालचिनी, पुदिना, लवंग अशा तिखट चवीच्या पेस्टने काहींच्या ओठांना कायमची चुरचूर लागते. ओठांच्या कडा, विशेषतः खालच्या ओठाखालचा भाग सतत लाल राहत असेल तर महिनाभर सौम्य, कमी फेसाची पेस्ट वापरून पाहा. दात घासण्याआधी ओठांवर जेलीचा थर द्या आणि चूळ भरल्यावर ओठ साध्या पाण्याने पुसून घ्या.

लिपस्टिक. 'दिवसभर टिकणारी' द्रवरूप मॅट लिपस्टिक ओठ सुकवते. ओठ बरे होईपर्यंत ती बाजूला ठेवा. पुढे वापरताना आधी जेली लावा, दहा मिनिटांनी जास्तीची टिपून घ्या आणि मग लिपस्टिक लावा. रात्री ती खरवडून काढू नका, थोड्या खोबरेल तेलात भिजवून अलगद पुसा.

तोंड उघडं ठेवून झोपणं. सकाळी उठल्यावरच ओठ सर्वांत जास्त कोरडे असतील आणि घसाही सुकलेला असेल, तर नाक चोंदत असण्याची शक्यता आहे. अशा वेळी ओठांपेक्षा नाकाचा इलाज आधी करायला हवा.

थांबवायची शेवटची गोष्ट तुम्ही सध्या लावत असलेला बामच असू शकते.

डबीवर काय वाचायचं

लिप बामचं व्यसन लागतं का, हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. तंबाखूसारखं व्यसन त्याने लागत नाही. पण काही बाममध्ये गारवा देणारी किंवा झिणझिण्या आणणारी द्रव्यं असतात. लावताना काम करतंय असं वाटतं आणि तासाभरात ओठ आणखी कोरडे होतात, म्हणून पुन्हा लावावा लागतो. ओठ चुरचुरणं म्हणजे औषध लागू पडणं, ही समजूत सोडून द्या. चांगला बाम लावल्यावर काहीच जाणवत नाही.

आवरण म्हणून या गोष्टी चांगल्या:

- पेट्रोलॅटम, म्हणजेच पेट्रोलियम जेली. पाणी उडणं रोखण्यात तिच्यापुढे जाणारं फारसं काही नाही आणि तिची ॲलर्जी अतिशय क्वचित होते. औषधाच्या दुकानात ती 'व्हाइट सॉफ्ट पॅराफिन' या नावानेही मिळते
- मिनरल ऑइल, डायमेथिकोन
- शिया बटर, कोको बटर, कोकम बटर
- सेरामाइड
- मधमाश्यांचं मेण आणि एरंडेल. बहुतेकांना चालतात, मोजक्यांना ॲलर्जी असते

फुटलेल्या ओठांवर या गोष्टी असलेला बाम नको:

- मेंथॉल, कापूर, निलगिरी, पुदिना
- फिनॉल आणि सॅलिसिलिक ॲसिड
- दालचिनी, लिंबू, संत्रं यांची तेलं
- 'फ्रेग्रन्स', 'परफ्यूम', 'फ्लेवर', 'अरोमा' अशी नोंद असलेलं काहीही

लॅनोलिनबद्दल मत देणं थोडं अवघड आहे. मेंढीच्या लोकरीपासून मिळणारं हे स्निग्ध द्रव्य अनेकांच्या ओठांना उत्तम मानवतं, पण काहींना त्याची ॲलर्जी होते. तुमचे ओठ कशानेच बरे होत नसतील तर लॅनोलिन नसलेली वस्तू वापरून पाहा.

'अनसेंटेड' लिहिलेल्या वस्तूत मूळ वास दडपायला दुसरा सुगंध घातलेला असू शकतो. त्यापेक्षा 'फ्रेग्रन्स-फ्री' लिहिलेली घ्या. 'नैसर्गिक', 'हर्बल' या शब्दांवरून काही ठरवू नका, कारण दालचिनी आणि पुदिना हेही नैसर्गिकच आहेत. डोकेदुखीवर चोळायचा बाम तर ओठांवर कधीच लावू नका. त्यात कापूर आणि मेंथॉल भरपूर असतात, आणि कापूर पोटात जाणं लहान मुलांसाठी धोक्याचं असतं.

घरोघरी असलेली अँटिसेप्टिक क्रीमही अनेकजण ओठांना लावतात. यातल्या काहींमध्ये बोरिक ॲसिड असतं. ओठावरचं सगळं थोडंथोडं पोटात जातं, म्हणून अशी क्रीम रोज ओठांवर वापरू नये, लहान मुलांच्या ओठांवर तर मुळीच नाही.

शाकाहार किंवा जैन आचार पाळणाऱ्यांनी तीन नावं लक्षात ठेवावीत. मेण मधमाश्यांचं, लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतलं आणि 'कार्माइन' हा लाल रंग किड्यांपासून काढलेला असतो. हे टाळायचं असेल तर साधी पेट्रोलियम जेली किंवा वनस्पतीजन्य मेण आणि बटर असलेला बाम तुम्हाला चालेल.

नवा बाम घेतलात तर थेट ओठांवर लावण्याआधी हाताच्या आतल्या बाजूला, कोपराजवळ रोज दोनदा, आठवडाभर लावून पाहा. तिथे खाज किंवा लाली आली तर तो ओठांना लावू नका.

कसं लावायचं, किती वेळा

ओठ किंचित ओले असताना लावा. तोंड धुतल्यावर टिपून घ्या आणि लगेच लावा, म्हणजे वरचा ओलावा आत राहतो. दिवसा पातळ थर पुरतो: सकाळी, प्रत्येक जेवणानंतर आणि बाहेर पडताना. रात्री झोपण्याआधी मात्र जाडसर थर द्या, ओठांच्या कडेच्याही थोडा बाहेरपर्यंत. पूर्ण बरं होण्याच्या काळात रात्रीचा हा थर सर्वांत उपयोगी असतो, आणि नेमका तोच चुकतो.

डबीत बोट घालायचं असेल तर हात धुवा. नळीत किंवा कांडीत मिळणारी वस्तू त्यापेक्षा स्वच्छ राहते. एकच बाम घरातल्या चौघांनी वापरू नका. ओठांवरच्या फोडांचा संसर्ग अशा वाटून घेतलेल्या वस्तूंतून पसरू शकतो. डबीवर उघड्या झाकणाचं चिन्ह आणि त्यात ६ किंवा १२ असा आकडा असेल, तर उघडल्यापासून तितके महिनेच ती वापरायची असा त्याचा अर्थ. खवट वास आला तर मुदतीची वाट न पाहता टाकून द्या.

चिरा भरेपर्यंत तिखट ठेचा, लोणचं, लिंबू, खारे शेंगदाणे आणि चटका बसेल इतका गरम चहा यांपासून ओठांना थोडी विश्रांती द्या. खाणारच असाल तर आधी जेली लावा.

घरातलं काय चालतं

आपल्याकडे ओठांना साजूक तूप लावायची पद्धत फार जुनी आहे आणि ती चुकीची नाही. तूप, लोण्याचा गोळा, खोबरेल आणि तिळाचं तेल यांनी ओठ मऊ होतात. फक्त ही आवरणं लवकर पुसली जातात, जेलीइतकी टिकत नाहीत, म्हणून वरचेवर लावावी लागतात. आणि तूप-लोण्याची चव गोड लागते, त्यामुळे जीभ हटकून ओठांवर जाते. लहान मुलांच्या बाबतीत हे विसरू नका.

कोकणातल्या कोकम तेलाबद्दल मात्र थोडं अधिक लिहायला हवं, कारण ते घाटावरच्या घरांमधून जवळपास नाहीसं झालंय. कोकमाच्या, म्हणजे भिरंडाच्या, बिया फोडून, उकळून काढलेलं हे तेल हवेत थिजतं. त्याचे मुठीत वळलेले फिकट, पांढरट गोळे रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्यात मिळतात. कोणी त्याला मुठेल म्हणतं, कोणी भिरंडेल. पायांच्या भेगा आणि उललेले ओठ यांसाठी ते पिढ्यान्पिढ्या वापरलं जातंय. त्याचं शास्त्रही सोपं आहे: हे तेल शरीराच्या उबेच्या जवळपासच वितळतं, त्यामुळे डबीत कडक राहतं आणि ओठांवर चोळलं की पातळ पसरतं. वाटाण्याएवढा तुकडा वाटीत गरम करून त्यात तितकंच खोबरेल मिसळलं की लावायला मऊ होतं. विकत घेताना ते शुद्ध असल्याची खात्री करा, वास खवट नको. ज्यांना पेट्रोलियम जेली नको वाटते त्यांना मी सर्वांत आधी हेच सुचवेन.

घरी बाम करायचा असेल तर मधमाश्यांचं शुद्ध मेण एक भाग आणि तेल चार भाग, दोन्ही वजनाने घ्या. तेल खोबरेल किंवा तिळाचं चालेल. पातेल्यात पाणी उकळत ठेवा, वर कोरडी स्टीलची वाटी ठेवून त्यात मेण वितळवा, मग तेल घालून ढवळा आणि स्वच्छ, पूर्ण कोरड्या डबीत ओता. मेण थेट आचेवर वितळवू नका, ते पेट घेऊ शकतं. पाणी, गुलाबजल किंवा बिटाचा रस यात घालू नका. पाण्याचा अंश आला की त्यात जंतू वाढतात आणि बाम खराब होतो. मेणबत्तीचं किंवा रंगीत मेण वापरू नका.

बाकीच्या घरगुती उपायांबद्दल थोडक्यात:

- ग्लिसरीन-गुलाबजल: ग्लिसरीन पाणी ओढून घेतं. कोरड्या हवेत नुसतं लावलं तर ते खालच्या त्वचेतलंच पाणी ओढतं, आणि चिरांवर झोंबतं. लावायचंच तर पातळ करून लावा आणि वरून जेलीचा थर द्या.
- मध: मोठ्यांना चालतो, पण चिकट असल्याने जीभ पुढे येते. १ वर्षाखालच्या बाळाच्या ओठांना किंवा तोंडात मध कधीही लावू नका. त्यातून होणारा बॉट्युलिझम हा आजार बाळाच्या जिवावर बेतू शकतो.
- लिंबू: नको. आम्लाने ओठ भाजतात, आणि लिंबू लावून उन्हात गेल्यास फोड व काळे डाग येऊ शकतात.
- बेंबीत तेल घालणं: बेंबीपासून ओठांपर्यंत जाणारी कोणतीही वाट शरीरात नाही. बेंबीत घालायचं तेच तेल ओठांना लावा.

ऊन

थंडीत ओठ फुटतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण उन्हाने होणारं नुकसान वर्षानुवर्षं साचत जातं आणि उशिरा दिसतं. ओठांत त्वचेला रंग देणारं द्रव्य कमी असतं, आणि खालच्या ओठावर तर ऊन थेट पडतं. शेतकरी, ऊसतोड आणि बांधकाम करणारे मजूर, मच्छीमार, वाहतूक पोलीस, दुचाकीवरून घरपोच सामान देणारे, या सगळ्यांचा खालचा ओठ दिवसाचे कित्येक तास उन्हात असतो. आपल्याकडे लिप बाम ही बायकांची वस्तू समजली जाते, त्यामुळे ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज आहे ते पुरुषच ती वापरत नाहीत. हे बदलायला हवं.

उन्हात जाताना एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक असलेला, शक्यतो झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचा बाम लावा आणि दर दोन तासांनी, तसंच खाल्ल्या-प्यायल्यावर पुन्हा लावा. तो परवडत नसेल तर रुंद काठाची टोपी घाला आणि तोंडावर गमछा किंवा रुमाल बांधा. नुसती गांधी टोपी ओठांवर सावली धरत नाही. साधी जेली किंवा तेल ओठ मऊ ठेवतं, पण उन्हापासून वाचवत नाही. लडाख-हिमाचलच्या सहलीला निघताना एसपीएफचा बाम सामानात आधी टाका. उंचावरचं ऊन प्रखर असतं, बर्फावरून ते परत फिरून चेहऱ्यावर येतं आणि हवाही कोरडी असते.

मुलं, औषधं आणि घरातली वडीलधारी माणसं

लहान मुलाच्या ओठांभोवती, जीभ पोचेल तितक्या भागावर गोल लालसर पट्टा दिसला तर ते मूल ओठ चाटतंय असं समजा. त्याला रागावू नका. रागावल्याने सवय वाढते. दर दोन-तीन तासांनी, शाळेत जाताना आणि झोपल्यावर त्या सगळ्या भागावर जेली लावा. स्ट्रॉबेरी-चॉकलेटच्या स्वादाचे बाम मुलांना देऊ नका, कारण ते चाटले जातात. अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या वरच्या ओठावर मध्यभागी लहानसा फोड किंवा जाडसर साल दिसतं. ते चोखण्यामुळे असतं, आपोआप जातं, त्याला काही लावायला नको.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचे ओठ सुकतात. औषध सुरू केल्याच्या पहिल्या दिवसापासून जेली लावा, ओठ फुटायची वाट पाहू नका. हा कोर्स चालू असताना आणि संपल्यावर पुढचे सहा महिने ओठांवरच्या भागाचं वॅक्सिंग करू नका, त्वचा सोलून निघते. या गोळ्यांनी गर्भातल्या बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून त्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून किंवा जुन्या चिठ्ठीवर घेऊ नका.

ॲलर्जीच्या, रक्तदाबाच्या, मानसिक आजारांवरच्या काही औषधांनी तोंड आणि ओठ कोरडे पडतात. असं होत असेल तर औषध स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. ते डोस किंवा औषध बदलू शकतात.

घरात कोणाला ऑक्सिजन मशीन लावलेलं असेल तर एक गोष्ट नक्की पाळा. नाका-ओठांवर पेट्रोलियम जेली, तेल किंवा तूप लावू नका. ऑक्सिजनच्या सान्निध्यात तेलकट पदार्थ सहज पेट घेतात. त्यांच्यासाठी पाण्यात मिसळणारं मलम कोणतं, ते डॉक्टरांना विचारून घ्या. कर्करोगावर केमो किंवा रेडिएशन चालू असलेल्यांनीही बाम स्वतःच्या मनाने निवडू नये.

हा नुसता कोरडेपणा नव्हे

पुढचं काही दिसत असेल तर बाम बदलत बसू नका.

तोंडाचे कोपरे चिरणं. दोन्ही कोपऱ्यांत लालसर, ओलसर चिरा पडतात आणि जांभई दिली की रक्त येतं. याला बहुतेकजण बी-कॉम्प्लेक्सची कमतरता समजतात. कधी ती असतेही, लोह किंवा बी-१२ कमी असूनही हे होतं. पण वयस्कर माणसांत कवळी नीट न बसणं, कोपऱ्यांत लाळ साचणं आणि तिथे बुरशीचा संसर्ग होणं हे कारण खूप वेळा असतं. मधुमेहातही हा त्रास वाढतो. कवळी रात्री काढून स्वच्छ करून ठेवा. गोळ्या घेऊन आठवड्या-दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातली साखर व हिमोग्लोबिन तपासून घ्या. दूध, दही, ताक, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्यं जेवणात असू द्या.

पाण्याचे बारीक फोड. ताप येऊन गेल्यावर, कडक उन्हानंतर किंवा ताणात ओठाच्या कडेला आधी चुरचूर आणि मग फोडांचा झुबका येतो. हा हर्पिसचा विषाणू असतो. गोळी किंवा मलम पहिल्या एक-दोन दिवसांतच जास्त उपयोगी पडतं, म्हणून उशीर करू नका. खपली गळून पडेपर्यंत बाळाचे पापे घेऊ नका. नवजात बाळासाठी हा संसर्ग जीवघेणा ठरू शकतो.

ओठ आणि भोवतीची त्वचा काळवंडणं, सतत खाजणं. बाम, लिपस्टिक किंवा टूथपेस्टची ॲलर्जी असू शकते. सगळं बंद करून फक्त जेलीवर या. तरी गेलं नाही तर त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करून नेमका पदार्थ शोधू शकतात. अशा वेळी औषधाच्या दुकानातून 'खाजेचं मलम' मागून आणू नका. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. ते लावलं की दोन दिवस छान वाटतं, मग त्वचा पातळ होते आणि ओठांभोवती पुळ्या उठतात. सुटणं कठीण जातं.

खालच्या ओठावर एकाच जागी खरखरीत, पांढरट डाग, जो पुन्हा पुन्हा सोलतो आणि ज्यामुळे ओठाची कड पुसट झाली आहे. उन्हात काम करणाऱ्यांमध्ये ही कर्करोगाची पूर्वावस्था असू शकते, आणि या टप्प्यावर तिच्यावर उपचार होतात.

दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, पांढरा किंवा लाल चट्टा. तंबाखू-चुना, गुटखा, सुपारी, विडी यांपैकी काहीही घेत असाल तर यात एक दिवसाचाही उशीर करू नका. दातांना मिश्री लावणाऱ्या बायकांना मी आवर्जून सांगते: मिश्री हा तंबाखूच आहे. साधी भाजी तिखट लागू लागणं, तोंडात आग होणं, तोंड कमी उघडणं या खुणाही गंभीर आहेत. स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांच्या मध्ये जातात का पाहा. जात नसतील तर त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे किंवा सरकारी रुग्णालयात जा.

विकत घेताना, आणि तक्रार करायची झाली तर

लिप बाम भारतात सौंदर्यप्रसाधन म्हणून विकला जातो आणि त्याला १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधने नियम लागू होतात. उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि घटकांची यादी देणं उत्पादकावर बंधनकारक आहे. आयात केलेल्या मालावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक असायला हवा. कांडी लहान असल्याने बरीच माहिती खोक्यावर असते, म्हणून बाम संपेपर्यंत खोकं टाकू नका. यादीत जे जास्त प्रमाणात असतं ते आधी लिहितात. मोठ्या अक्षरांत 'शिया बटर' लिहिलेलं असलं तरी यादीत ते सुगंधाच्याही मागे असेल, तर त्या नावासाठी जास्त पैसे मोजू नका.

काउंटरवरचा नमुना ओठांना लावून पाहू नका. त्याआधी तो कितीजणांनी लावलाय, कळायला मार्ग नसतो. मनगटावर लावून पाहा. रस्त्यावर किंवा ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळणाऱ्या नामांकित बामवर बॅच क्रमांक खरवडलेला किंवा छपाई पुसट असेल तर घेऊ नका. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे कोणी मागू शकत नाही, आणि बिल मागणं हा तुमचा हक्क आहे.

बामने ओठ सुजले, फोड आले किंवा वस्तू बनावट वाटली तर असं करा:

1. वापर लगेच थांबवा. चेहरा किंवा जीभ सुजत असेल, श्वास लागत असेल तर थेट रुग्णालय गाठा.
2. ओठांचे आणि वस्तूच्या सर्व बाजूंचे फोटो काढा. बॅच क्रमांक आणि मुदत स्पष्ट दिसू द्या.
3. उरलेला बाम, खोकं, बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा. दुकानदाराने वस्तू परत मागितली तर हे फोटो असल्याशिवाय ती देऊ नका.
4. खोक्यावरच्या ग्राहक सेवा पत्त्यावर लेखी तक्रार पाठवा, नुसता फोन करू नका.
5. बनावट किंवा घातक मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या तुमच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात करता येते.
6. पैसे परत मिळत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, वकील लावणं सक्तीचं नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते.